लांबी आणि गती कशी मोजायची: आधी शून्य कुठे आहे ते बघा

शाळेच्या सायन्समधे मोजमाप आणि गती असे दोन धडे असतात आणि पोरं ते दोन वेगळे विषय असल्यासारखे पाठ करतात. एककं पाठ, गतीचे प्रकार पाठ, व्याख्या पाठ, पेपर झाला की विसरले. खरंतर दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो, मोजायला सुरुवात कुठून केली? पट्टीवर त्याला शून्य म्हणतात, गतीमधे संदर्भबिंदू म्हणतात. एवढं एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका होतच नाहीत, आणि बाकीच्या निम्म्या का झाल्या ते तरी कळतं. खाली जे लिहिलंय ते सगळं एक ३० सेमीची पट्टी, मेजरिंग टेप, दोरा, एखादा जड नट आणि मोबाईल एवढ्यावर होतं, लॅब वगैरे काही लागत नाही.

पट्टी लावायची कशी

पट्टी हातात घ्या आणि आधी तिचं टोक नीट बघा. बऱ्याच प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर शून्याची रेघ कडेला नसतेच, तीन-चार मिलिमीटर आत असते. पोरं काय करतात, पट्टीची कड वस्तूच्या कडेला भिडवतात आणि दुसऱ्या टोकाचा आकडा वाचून मोकळे होतात, मग प्रत्येक उत्तर तीन-चार मिमीने कमी येतं. काही पट्ट्यांवर, विशेषतः स्टीलच्या, कड म्हणजेच शून्य असतं, तिथे कड भिडवली तर चालतं. पण लाकडी पट्टीचं टोक झिजलेलं असेल तर उलटं होतं, जेवढं झिजलंय तेवढं उत्तर जास्त येतं. म्हणून पट्टी कुठलीही असो, सगळ्यात बिनधास्त उपाय म्हणजे शून्याच्या नादी लागायचंच नाही, मधल्या कुठल्यातरी पूर्ण आकड्यापासून सुरुवात करायची आणि शेवटी वजाबाकी करायची. पेन्सिलीचं एक टोक २.० वर, दुसरं ९.४ वर, म्हणजे पेन्सिल ७.४ सेमी. वजाबाकी विसरून ९.४ लिहिणारेही भरपूर असतात, त्यामुळे दोन्ही आकडे आधी वहीत लिहायचे आणि मगच वजा करायचं.

इथेच अजून एक गोची होते. १ पासून ६ पर्यंत किती सेंटीमीटर असं विचारलं की अर्धा वर्ग सहा म्हणतो, कारण ते आकडे मोजतात. मोजायच्या असतात मधल्या जागा, रेघा नाही. एक ते सहा या सहा रेघा, पण मधे जागा पाचच. ही चूक पुढे लंबकाची आंदोलनं मोजताना परत येणार आहे, तेव्हा आठवण करून देतो.

मग डोळा कुठे ठेवायचा. पट्टीला थोडी जाडी असते, म्हणजे रेघा वस्तूपासून एक-दोन मिमी वर असतात, आणि तुम्ही बाजूने बघितलं की वस्तूचं टोक भलत्याच रेघेसमोर दिसतं. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की डोळा बरोब्बर वर ठेवा, ते खरंच आहे, पण बरोब्बर वर म्हणजे नक्की कुठे हे पोरांना कळत नाही. त्यापेक्षा पट्टी आडवी न ठेवता तिच्या कडेवर उभी करा, म्हणजे रेघा थेट वस्तूला चिकटतात, मधलं अंतरच संपलं, मग डोळा थोडा इकडेतिकडे गेला तरी फरक पडत नाही. पटत नसेल तर आडव्या पट्टीवर एक डोळा मिटून डोकं डावीकडून उजवीकडे हलवून बघा, आकडा सरकताना दिसेल.

उत्तर किती बारीक लिहायचं हेही ठरलेलं आहे. साध्या पट्टीचं लघुतम माप १ मिमी, म्हणजे त्याच्या खालचं तिला दिसत नाही. ७.४ लिहा, फारतर अंदाजाने अर्धा मिमी धरा. ७.४३ लिहिणं म्हणजे चक्क थाप आहे, कारण तो तीन पट्टीने दाखवलेलाच नाही. आणि उत्तर पूर्ण सात आलं तर ७.० लिहा, नुसतं ७ नको, कारण तो शून्य सांगतो की मिलिमीटरपर्यंत बघून झालंय. याहून बारीक मोजायचं असेल तर व्हर्निअर कॅलिपर (साध्याचं लघुतम माप ०.१ मिमी) आणि त्याहून बारीक हवं तर स्क्रू गेज (०.०१ मिमी) लागतो.

मेजरिंग टेपचं एक मस्त आहे. स्टीलच्या टेपच्या टोकाला जो हूक असतो तो थोडा हलतो, आणि लोकांना वाटतं टेप खराब झाली, मग काहीजण त्यावर हातोडी मारून तो घट्ट करतात. अजिबात करू नका! तो मुद्दाम ढिला ठेवलेला असतो. टेबलाच्या कडेला हूक अडकवून ओढला की तो स्वतःच्या जाडीएवढा बाहेर सरकतो, आणि भिंतीला टेकवून आतलं माप घेताना तेवढाच आत जातो, त्यामुळे बाहेरून मोजा की आतून, शून्य बरोबर जागेवर येतो. एवढ्याशा पत्र्याने शून्याची इतकी काळजी घेतलेली असते आणि आपण त्याला ठोकून बसवतो.

टेप जराशी तिरकी गेली तर किती चुकतं? वाटतं त्यापेक्षा खूप कमी. २ मीटर लांबीत टोक १० सेमी बाजूला सरकलं तरी चूक फक्त अडीच मिमीची येते, पायथागोरसने करून बघा. झोळ पडलेली टेप आणि चुकलेलं शून्य ही खरी डोकेदुखी.

जे सरळ नाही आणि जे फार छोटं आहे ते

वाकडी रेघ, नकाशातली नदी, डब्याचा घेर, हे सगळं दोऱ्याने होतं. दोरा ताणणारा नको, इलॅस्टिक तर नकोच. रेघेवरून थोडा थोडा बसवत न्या, शेवटी खूण करा, मग पट्टीवर सरळ करून मोजा. डब्याचा घेर मिळाला की ३.१४ ने भागा, व्यास आला. चेंडूचा व्यास हवा असेल तर दोन जाड पुस्तकं उभी करा, मधे चेंडू धरून ती समांतर सरकवत आणा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा. चेंडूवर पट्टी धरून अंदाजाने वाचलेला आकडा कामाचा नाही.

आता कागदाची जाडी. एका कागदाला पट्टी लावून काहीच दिसणार नाही, म्हणून शंभर कागद एकत्र दाबून मोजा आणि शंभरने भागा. साध्या प्रिंटरच्या कागदाचा ५०० चा गठ्ठा साधारण ५ सेमी भरतो, म्हणजे एक कागद ०.१ मिमीच्या आसपास. पुस्तकावर करत असाल तर लक्षात ठेवा, पान नंबर २०० म्हणजे कागद १००, कारण एका कागदाला दोन बाजू असतात, आणि कव्हर मोजायचं नाही. बारीक तारेचंही असंच, पेन्सिलीवर चिकटून चिकटून २० वेढे घाला, वेढ्यांची एकूण रुंदी १.६ सेमी आली तर तार ०.८ मिमी जाड. पुष्कळ घ्या, एकदाच मोजा, भागा. ही युक्ती वेळेलाही जशीच्या तशी लागू पडते.

मीटर आला कुठून

आधी लोक हात, वीत, बोट, पाऊल यांनी मोजायचे आणि रोजच्या कामाला ते ठीकही होतं, भानगड तेव्हा व्हायची जेव्हा मोजणारा एक आणि कापणारा दुसरा. १७९१ मधे फ्रान्समधे ठरलं की माणसाच्या अंगावरचं माप नको, पृथ्वीवरूनच घेऊ, उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. त्यासाठी दलाम्ब्र आणि मेशँ या दोन फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांनी १७९२ ते १७९८ अशी वर्षं फ्रान्समधल्या डंकर्कपासून स्पेनमधल्या बार्सिलोनापर्यंतचा पट्टा मोजण्यात घालवली. एवढं करूनही मीटर साधारण ०.२ मिमीने आखूड निघाला, कारण पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे याचा हिशोब थोडा चुकला होता. म्हणूनच पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा घेर बरोब्बर ४०,००० किमी न येता ४०,००८ च्या आसपास येतो.

पुढे १८८९ पासून प्लॅटिनम-इरिडियमची दांडी हा प्रमाण मीटर झाला, १९६० मधे क्रिप्टॉन वायूच्या प्रकाशावरून व्याख्या आली, आणि १९८३ पासून मीटर म्हणजे प्रकाश निर्वात जागेत १/२९,९७,९२,४५८ सेकंदात जेवढं अंतर कापतो तेवढं अंतर. नीट बघा काय झालंय, लांबीची व्याख्याच आता वेळ आणि गतीवर उभी आहे. म्हणून म्हटलं की हे दोन धडे वेगळे नाहीत. (आणि इंच म्हणजे बरोब्बर २.५४ सेमी, अंदाजे नाही, तसंच ठरवलेलं आहे.)

कोण हलतंय ते कुणाच्या मानाने

पुस्तकातली व्याख्या अशी असते की वस्तूची जागा वेळेनुसार बदलली की ती गतिमान. पण जागा कशाच्या मानाने बदलली, हे विचारल्याशिवाय ते वाक्य अर्धवटच आहे. ट्रेनमधे शेजारी बसलेला माणूस तुमच्या मानाने स्थिर, प्लॅटफॉर्मवरच्या माणसाच्या मानाने गतिमान, हे सगळ्यांना माहितीये. मला त्याहून डिश अँटेनाचं उदाहरण आवडतं. डिश एकदा एका दिशेला बसवली की वर्षानुवर्षं तशीच राहते, म्हणजे वरचा सॅटेलाईट जागचा हलत नाही असंच वाटणार ना? प्रत्यक्षात तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किमी उंचीवर सेकंदाला ३ किमीपेक्षा जास्त चालीने पळत असतो. फक्त त्याची एक फेरी आणि पृथ्वीची एक गिरकी यांना सारखाच वेळ लागतो, म्हणून छपरावरून बघणाऱ्याला तो स्थिर. आणि छप्पर तरी कुठे स्थिर आहे, विषुववृत्तावरचं घर पृथ्वीच्या गिरकीमुळे ताशी सुमारे १,६७० किमीने फिरतंय. ते जाणवत नाही कारण आपण, घर, हवा सगळं एकत्रच फिरतं.

त्यामुळे गतीचं कुठलंही गणित सोडवताना पहिली ओळ ही लिहा: संदर्भबिंदू अमुक. शाळेत बहुतेक वेळा तो जमीन किंवा रस्ता असतो, पण लिहायची सवय लावा.

प्रकार पटकन बघू. सरळ रेषेत जाते ती रेषीय, त्यात सारख्या वेळात सारखं अंतर कापलं तर समान, नाहीतर असमान. झोपाळ्याची आंदोलित, पंख्याच्या पात्यावरच्या ठिपक्याची वर्तुळाकार, घड्याळाच्या काट्यासारखी ठराविक वेळाने तेच तेच होणारी नियतकालिक, आणि माशी किंवा फुलपाखराची यादृच्छिक, म्हणजे दिशेचा काही नेम नसलेली. परीक्षेत जोड्या लावा येतं म्हणून पोरांना वाटतं एका वस्तूला एकच प्रकार. तसं नसतं, पंख्याच्या पात्याची गती वर्तुळाकारही आहे आणि नियतकालिकही. सायकलचं चाक घ्या, ते पुढेही जातंय आणि गोलही फिरतंय, आणि गंमत म्हणजे चाक घसरत नसेल तर त्याचा जो बिंदू रस्त्याला टेकलेला असतो तो त्या क्षणी रस्त्याच्या मानाने थांबलेला असतो, तर सगळ्यात वरचा बिंदू सायकलच्या दुप्पट चालीने पुढे जात असतो.

अंतर आणि विस्थापन (म्हणजे निघालो तिथून पोचलो तिथपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसकट) यातही शून्याचाच खेळ आहे. ४०० मीटरच्या ट्रॅकवर एक पूर्ण फेरी मारली, पायाखालचं अंतर ४०० मीटर, पण जिथून निघालो तिथेच पोचलो म्हणून विस्थापन शून्य. चाल अंतरावरून काढायची आणि वेग विस्थापनावरून, म्हणून वेगाला दिशा लागते, आणि त्या धावपटूचा पूर्ण फेरीचा सरासरी वेग शून्य येतो, कितीही घाम गाळला असला तरी.

स्वतःची चाल मोजा

टेपने सरळ जागेवर १० मीटर मोजा, दोन्ही टोकांना खडूने रेघ मारा. चालायला रेघेवरून नाही, दोन-तीन पावलं मागून सुरुवात करा, कारण थांबलेला माणूस एकदम पूर्ण चालीला येत नाही आणि आपल्याला नेहमीची चाल हवी आहे. पहिली रेघ ओलांडताना स्टॉपवॉच सुरू, दुसरी ओलांडताना बंद. समजा ७.५ सेकंद लागले. चाल = अंतर ÷ वेळ, म्हणजे १० ÷ ७.५ = १.३३ मीटर प्रति सेकंद. किमी प्रति तास हवी तर ३.६ ने गुणा, ४.८ आली. ३.६ कुठून आला तर तासात ३,६०० सेकंद आणि किलोमीटरमधे १,००० मीटर, बस एवढंच आहे, पाठ करायची गरज नाही.

बटण दाबायला माणसाला साधारण ०.२ सेकंद जातात आणि दर वेळी ते थोडे कमीजास्त होतात. २ सेकंदांच्या मोजणीत ०.२ ची चूक म्हणजे १० टक्के, २० सेकंदांत तीच १ टक्का. म्हणून जागा असेल तर ३० मीटर घ्या. कागदांची युक्ती आठवली का?

ही जी आली ती सरासरी चाल. उसेन बोल्टने २००९ मधे बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदात काढले, सरासरी ताशी ३७.६ किमीच्या आसपास पडते. पण त्यातला ६० ते ८० मीटरचा टप्पा त्याने १.६१ सेकंदात कापला, म्हणजे तिथे ताशी ४४ किमीपेक्षा जास्त, कारण सुरुवातीला तो शून्यापासून वेग घेत होता. गाडीचा स्पीडोमीटर दाखवतो ती त्या क्षणाची चाल, सरासरी नाही.

सरासरीत सगळ्यात जास्त फसवणारं गणित हे: जाताना ताशी ६०, त्याच रस्त्याने येताना ताशी ४०, सरासरी किती? ५० नाही. रस्ता १२० किमी धरा, जायला २ तास, यायला ३ तास, २४० ÷ ५ = ४८. हळू चाललेला वेळ जास्त असतो म्हणून उत्तर तिकडे झुकतं. चालींची सरासरी काढायची नाही, एकूण अंतराला एकूण वेळेने भागायचं.

आलेख काढलात तर आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर अंतर. तिरकी सरळ रेघ म्हणजे समान चाल, जेवढी उभी तेवढी चाल जास्त, आणि आडवी रेघ म्हणजे वेळ जातोय पण माणूस थांबलेला आहे. आलेख म्हणजे रस्त्याचं चित्र नाही हे पोरांना दहादा सांगावं लागतं, वर चढणारी रेघ दिसली की त्यांना घाट चढतोय असं वाटतं.

लंबक, आणि मग पट्टीचंच घड्याळ

दोऱ्याला नट बांधून टांगा. लंबकाची लांबी म्हणजे दोरा जिथून वाकतो तिथून नटाच्या मध्यापर्यंत, गाठीपर्यंत नाही. २५ सेमी ठेवा, थोडासाच बाजूला ओढून सोडा आणि १० आंदोलनांचा वेळ घ्या. सोडताना 'शून्य' म्हणायचं, जाऊन परत आला की 'एक'. सोडतानाच 'एक' म्हणणारे नऊच आंदोलनं मोजतात, हीच ती मगाची रेघा आणि जागांची चूक. १० आंदोलनांना जवळजवळ १० सेकंद लागतील. आता लांबी १ मीटर करा, चौपट, तर वेळ चौपट नाही, दुप्पट होतो, साधारण २० सेकंद. नट बदलून जड लावा, वेळ तोच राहतो (फक्त लांबी परत नटाच्या मध्यापर्यंत मोजून घ्या).

शेवटचा प्रयोग सगळ्यात मजेशीर. मित्राला ३० सेमीची पट्टी वरून उभी धरायला सांगा, शून्य खाली. तुमचा अंगठा आणि बोट शून्याच्या रेघेच्या दोन बाजूंना, न टेकवता. तो न सांगता सोडेल, तुम्ही पकडायची. अंगठ्याच्या वरच्या कडेला जो आकडा आला तेवढी पट्टी पडली, आणि पडणारी वस्तू किती वेळात किती पडते हे माहीत असल्याने तो आकडा म्हणजेच वेळ झाला. ५ सेमी म्हणजे ०.१० सेकंद, १० सेमी म्हणजे ०.१४, १५ म्हणजे ०.१७ किंवा ०.१८, २० म्हणजे ०.२०, ३० म्हणजे ०.२५. बघा, ५ चे २० झाले, चौपट, आणि वेळ दुप्पट, लंबकासारखंच. पट्टी पडताना वेग वाढत जातो म्हणून तसं होतं.

सुरुवातीला अंगठ्याची वरचीच कड शून्यावर असली पाहिजे, खालची नाही, नाहीतर अंगठ्याच्या रुंदीएवढा आकडा फुकट वाढतो. पाच-सहा वेळा करा, अंदाजाने आधीच बोटं मिटलीत असं वाटलं तर ती वेळ सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी घ्या. मग तेच फोनवर बोलता बोलता करून बघा, आकडा बहुतेक वाढलेला दिसेल. पट्टी हातातून निसटूनच गेली तर ०.२५ सेकंदापेक्षा जास्त लागले एवढंच कळतं, त्याला लांब पट्टी घ्यावी लागेल.